क्यूएसएल कार्ड पाठवायचं कुठून? ब्यूरो, थेट टपाल, ओक्यूआरएस आणि एलओटीडब्ल्यू यांचं परीक्षण

हवेत संपर्क झाला, सिग्नल रिपोर्ट दिला-घेतला, ‘सेव्हंटी थ्री’ म्हणून निरोप झाला. तरी जुन्या हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओ स्टेशन चालवणाऱ्यांच्या, हिशेबी तो संपर्क अजून अर्धाच असतो. समोरच्या स्टेशनचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोच देणारं छापील कार्ड, हातात पडलं, की मगच लॉगमधल्या (संपर्कांच्या नोंदवहीतल्या) त्या ओळीपुढे खूण होते. क्यू-कोडमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या तीन अक्षरी सांकेतिक शब्दांत, क्यूएसएलचा अर्थच मुळी ‘मिळाल्याची पोच देतो’ असा आहे. ही पोच आज चार-पाच वाटांनी पाठवता आणि मिळवता येते, आणि प्रत्येक वाटेचा वेग, खर्च आणि खोड वेगळी आहे.

निवाडा आधीच सांगतो. रोजच्या साध्या संपर्कांना ब्यूरो, म्हणजे संघटनेमार्फत गठ्ठ्याने जाणारी कार्डं. दुर्मिळ देश किंवा बेटावर मुद्दाम जाऊन रेडिओ चालवणाऱ्या मोहिमेचं कार्ड हवं असेल तर ओक्यूआरएस, म्हणजे संकेतस्थळावरून मागणी. अवॉर्डचे (ठरावीक संख्येने देश किंवा बेटं गाठल्याच्या प्रमाणपत्रांचे) आकडे जमवायचे असतील तर एलओटीडब्ल्यू, म्हणजे दोन्ही बाजूंचे लॉग ऑनलाइन जुळवणारी सेवा, आणि तेही पहिल्या दिवसापासून. पाकिटात डॉलर घालून परदेशी पत्र पाठवणं हा मार्ग भारतातून सगळ्यात शेवटी. ‘ब्यूरोतून काही येत नाही’ ही तक्रार सतत कानावर येते. तिची बहुतेक कारणं पाठवणाऱ्याच्याच टेबलावर तयार होतात, म्हणून ब्यूरोबद्दलच इथे जास्त लिहिलं आहे.

ब्यूरो नेमकं करतो काय

प्रत्येक देशातली आयएआरयूची (हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघाची) सभासद संघटना शक्यतो एक क्यूएसएल ब्यूरो चालवते. भारतात ती अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे एआरएसआय. अमेरिकेत एआरआरएल, जपानमध्ये जेएआरएल, ब्रिटनमध्ये आरएसजीबी, जर्मनीत डीएआरसी. तुम्ही जगभरासाठीची कार्डं एका गठ्ठ्यात आपल्या ब्यूरोकडे देता. तिथे ती देशवार लागतात, एखाद्या देशाचं पुरेसं वजन जमलं की त्या देशाच्या ब्यूरोला पार्सल जातं, तिथले स्वयंसेवक कॉल साइननुसार (प्रत्येक स्टेशनची ओळख सांगणाऱ्या अक्षर-अंकांनुसार) पुन्हा वाटणी करतात आणि अखेर कार्ड मालकाकडे पोचतं. उत्तराचं कार्ड याच वाटेने उलटं येतं.

यातलं ‘पुरेसं वजन जमलं की’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळा उशीर त्यांच्यात आहे. एक कार्ड साधारण ३ ग्रॅमचं, म्हणजे एका किलोत तीनशेच्या वर कार्डं बसतात. जर्मनी, जपान, इटली यांचा गठ्ठा भराभर वाढतो. लहान देशाची दहा-बारा कार्डं मात्र महिनोन्‌महिने खोक्यात पडून राहतात. कार्ड जाऊन उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागलं तर ते वेळेवर आलं असंच धरावं, आणि दोन-तीन वर्षं लागली तरी काही बिघडलंय असं समजू नये. स्वस्ताई याच उशिरातून येते. एका हवाई पत्रात एक कार्ड जातं. तेवढ्याच खटाटोपात ब्यूरोचं पार्सल शेकडो कार्डं नेतं.

ब्यूरोची अट बहुतेक ठिकाणी एकच असते, सभासदत्व. ही अट दोन्ही टोकांना लागू होते. तुम्ही एआरएसआयचे सभासद असाल, पण समोरचा जपानी हॅम जेएआरएलचा सभासद नसेल, तर तुमचं कार्ड त्याच्या हाती पडणार नाही. काही देशांत ब्यूरोच नाही. त्यांची यादी आयएआरयूच्या संकेतस्थळावर आहे. म्हणून कार्ड भरण्याआधी क्यूआरझेड डॉट कॉम या कॉल साइनच्या सूचीत त्या स्टेशनचं पान उघडायचं आणि क्यूएसएलची ओळ वाचायची. तिथे ‘ब्यूरो नको’ किंवा ‘फक्त एलओटीडब्ल्यू’ असं लिहिलेलं असेल तर कार्ड वाया घालवू नका. ‘व्हाया’ लिहून दुसरा कॉल साइन दिलेला असेल तर तो क्यूएसएल मॅनेजर, म्हणजे त्या स्टेशनची कार्डं सांभाळणारा आहे. कार्ड त्याच्या देशाच्या गठ्ठ्यात जातं, मूळ स्टेशनच्या देशाच्या नव्हे. मोहिमेवर बेटावरून बोललेलं स्टेशन आणि युरोपातला मॅनेजर ही नेहमीची जोडी आहे, आणि सगळ्यात जास्त कार्डं इथेच चुकतात.

अमेरिकेची एक खोच वेगळी सांगायला हवी. तिथला येणारा ब्यूरो कॉल साइनमधल्या अंकानुसार विभागलेला आहे आणि अंक राहत्या ठिकाणाशी जुळेलच असं नाही. कॉल साइनमध्ये ६ असलेला माणूस फ्लोरिडात राहत असला तरी त्याची कार्डं सहाव्या विभागाकडेच जातात. तुम्ही पत्ता पाहून वर्गवारी करू नका, अंक पाहून करा.

एआरएसआयच्या ब्यूरोला कार्डं पाठवताना पत्ता संघटनेच्या संकेतस्थळावरून त्याच दिवशी पाहून घ्यावा. जुन्या पुस्तिकांतला किंवा मित्राच्या वहीतला पत्ता चालवू नये. ब्यूरो स्वयंसेवक चालवतात. व्यवस्थापक बदलला की पत्ताही बदलतो.

कार्ड छापताना

ब्यूरोच्या साखळीत न अडणारं कार्ड म्हणजे १४ × ९ सेंटिमीटरचं, २ ते ४ ग्रॅम वजनाचं. हे आयएआरयूचं शिफारस केलेलं माप आहे आणि जगभरातले ब्यूरोचे कप्पे त्याच मापाचे असतात. मोठं कार्ड कोपऱ्यात दुमडतं, लहान कार्ड गठ्ठ्यात हरवतं. फोटोच्या दुकानातलं ४ × ६ इंची कार्ड सुंदर दिसतं, पण ब्यूरोसाठी ते घेऊच नका.

मापाचा फायदा छपाईतही होतो. डिजिटल प्रेसवर १२ × १८ इंची कागद चालतो. १४ × ९ सेंमी कार्डाला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी बाहेर ठेवलेली जादा छपाई) धरला तर फाइल १४६ × ९६ मिमीची होते आणि एका कागदावर तीन आडव्या, तीन उभ्या रांगा अशी ९ कार्डं बसतात. ४ × ६ इंची कार्ड ब्लीडसकट घेतलं तर त्याच कागदावर चारच बसतात. म्हणजे खर्च दुपटीच्या वर. फाइल ३०० डीपीआयला बनवायची, ब्लीडसह साधारण १७२४ × ११३४ पिक्सेल. कॉल साइन कापणीच्या रेषेपासून किमान ४-५ मिमी आत ठेवा. गठ्ठा कापताना पातं एखाद मिलिमीटर सरकतंच.

कागद २०० ते २५० जीएसएम. हिशेब सोपा आहे: २५० जीएसएमचं कार्ड सुमारे ३.१५ ग्रॅम भरतं. ३०० जीएसएम म्हणजे ३.८ ग्रॅम, आणि त्यावर लॅमिनेशन चढवलं की ४ ग्रॅमची हद्द ओलांडली जाते. छापखानेवाले ‘थोडं जाड घ्या साहेब, भारी दिसेल’ म्हणतात. व्हिजिटिंग कार्डासाठी ते ठीक आहे, इथे नाही. दोन्ही बाजूंना चकचकीत आर्ट कार्ड घेतलं तर मागे बॉलपेनची शाई बसत नाही आणि जेल पेनची पसरते. पुढची बाजू चकचकीत आणि मागची कोरी असा कागद मागा, नाहीतर दोन्हीकडे मॅट. मजकुराच्या बाजूला लॅमिनेशन कधीच नको.

पहिल्यांदाच हजार कार्डं छापू नका. शंभर-दोनशे पुरेत. परवान्याची श्रेणी वाढली की कॉल साइनच्या सुरुवातीचा व्हीयू३ चा व्हीयू२ होतो, घर बदलतं, आणि उरलेला गठ्ठा रद्दीत जातो.

आता मजकूर. तुमचा कॉल साइन चित्राच्या बाजूला मोठा असतोच, पण संपर्काच्या तपशिलाच्या बाजूलाही तो छापलेला हवा. वर्गवारी करणारा स्वयंसेवक आणि अवॉर्ड तपासणारा, दोघांनाही कार्ड उलटसुलट करावं लागू नये. ज्याला कार्ड जायचं त्याच्या कॉल साइनसाठी ‘टू रेडिओ’ ची चौकट उजवीकडे वर, ठळक. ‘व्हाया’ साठी वेगळी जागा. देशाचं नाव ‘इंडिया’, सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१ (हे जगाचे पाडलेले विभाग) आणि ग्रिड लोकेटर (अक्षांश-रेखांशावरून निघणारा जागेचा संकेत) छापून घ्या. पुणे एमके६८ मध्ये, कोल्हापूर एमके७६ मध्ये, नागपूर एमएल९१ मध्ये, पणजी एमके६५ मध्ये येतं. मुंबईकरांनी जरा जपून: १९ अंश अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते, त्यामुळे कुलाबा एमके६८ मध्ये आणि अंधेरी एमके६९ मध्ये पडते. ‘मुंबई म्हणजे एमके६८’ असं सरसकट छापणं चूक आहे. आपल्या छताचे अक्षांश-रेखांश काढूनच लोकेटर ठरवा. अंदमानातून (व्हीयू४) बोलणाऱ्याने सीक्यू झोन २६ आणि आयटीयू झोन ४९ लिहायचा, मुख्य भूमीचे नाही. बेटावरून बोलला असाल तर बेटाचं नाव छापलेलं हवं. आयओटीए या बेटांच्या अवॉर्डच्या तपासणीत तेच पाहतात.

भरताना होणाऱ्या चुका

पहिली आणि सगळ्यात महाग चूक वेळेची. कार्डावर फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करताना तारीखही मागे जाते हे विसरलं जातं. १२ जानेवारीला पहाटे सव्वादोनला झालेला संपर्क कार्डावर ११ जानेवारी, २०४५ यूटीसी असा लिहायचा. समोरच्याच्या लॉगमध्ये १२ तारखेला तुम्ही सापडला नाहीत तर तो ‘लॉगमध्ये नाही’ असा शिक्का मारून कार्ड परत पाठवतो, किंवा टाकून देतो. उपाय एकच, शॅकमधलं (रेडिओच्या खोलीतलं) घड्याळ आणि लॉगिंगचा संगणक दोन्ही यूटीसीवर लावून ठेवणं.

दुसरी चूक तारखेच्या पद्धतीची. ०३/०४ हे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिना इंग्रजी अक्षरांत लिहा किंवा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने.

सिग्नल रिपोर्टची चूक एफटी८ हा संगणकावरून चालणारा डिजिटल मोड आल्यापासून वाढली. व्हॉइसला ५९, मोर्सला ५९९, पण एफटी८ ला उणे १२ किंवा अधिक ०३ असा डेसिबलमधला आकडा. सवयीने ५९९ टाकलं की कार्ड संशयास्पद दिसतं. बँड किंवा फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्‌झमध्ये, मोड स्पष्ट, आणि संपर्क दुतर्फा झाला असं सांगणारा ‘टू-वे’ हा शब्द. उपग्रहावरून संपर्क असेल तर उपग्रहाचं नाव आणि जाण्या-येण्याचे दोन्ही बँड. क्यूओ-१०० या उपग्रहासाठी २४०० मेगाहर्ट्‌झ वर आणि १०४८९ मेगाहर्ट्‌झ खाली असे दोन्ही आकडे यायला हवेत.

‘पीएसई क्यूएसएल’ आणि ‘टीएनएक्स क्यूएसएल’ या दोन चौकटींपैकी एकीवर खूण करायची राहते. पहिली म्हणजे ‘तुमचं कार्ड पाठवा’, दुसरी म्हणजे ‘तुमचं मिळालं, हे उत्तर’. खूणच नसली की मिळवणारा गोंधळतो. काही जण उत्तर देत नाहीत, काही जण दुसऱ्यांदा पाठवतात आणि ब्यूरोचा गठ्ठा फुगतो.

खाडाखोड. ही चूक माफ होत नाही. वेळेचा एक अंक गिरवलेला दिसला तरी डीएक्ससीसी या शंभर देशांच्या अवॉर्डच्या तपासणीत कार्ड बाद होतं. चुकलं तर कार्ड फाडा आणि नवं भरा. दोन-तीन रुपयांचा प्रश्न असतो, पण समोरच्याने त्या संपर्कासाठी कदाचित कित्येक वर्षं वाट पाहिलेली असते.

महिन्याला वीस-पंचवीसच्या वर कार्डं जात असतील तर हाताने लिहू नका, लेबल छापा. लॉग४ओएम सारखी लॉगिंगची प्रणाली थेट लेबल काढते. ए४ कागदावर २४ लेबलं येतात ती ६४ × ३४ मिमीची, त्यांच्यावर तीन-चार संपर्क आरामात मावतात. एकाच स्टेशनशी वेगवेगळ्या बँडवर बोलला असाल तर सगळे संपर्क एकाच कार्डावर घ्या. इंकजेटची शाई ओल्या हाताने पुसली जाते, म्हणून लेबलं लेझर प्रिंटरवरच. आणि कोकणातल्या हवेत स्वस्त लेबलांचे कोपरे दोन पावसाळ्यांत उचकटतात. ब्यूरोच्या प्रवासाला तेवढे दोन पावसाळे लागतातच, तेव्हा गोंदाच्या बाबतीत कंजुषी नको.

पाठवण्याआधी कार्डं प्रीफिक्सच्या (कॉल साइनच्या सुरुवातीच्या, देश सांगणाऱ्या अक्षरांच्या) क्रमाने लावा, ‘व्हाया’ असेल तर मॅनेजरच्या प्रीफिक्सने. सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. एवढं केलं की ब्यूरोतल्या माणसाचा बराच वेळ वाचतो. तो हे काम पगार न घेता, संध्याकाळी घरी बसून करतो.

थेट टपाल

एखादं कार्ड लवकर हवं असेल आणि ओक्यूआरएस नसेल, तर थेट पत्र. आत तुमचं कार्ड, स्वतःचा पत्ता लिहिलेलं परतीचं पाकीट आणि परतीच्या टपालखर्चाची सोय. नवखे लोक परतीच्या पाकिटावर भारतीय तिकिटं चिकटवतात. त्यांचा परदेशात काहीही उपयोग नाही. तिथून निघणाऱ्या पत्राला तिथलंच तिकीट लागतं.

पाकिटांचं जमणारं जोडपं आपल्या स्टेशनरीच्या दुकानातच मिळतं: बाहेर १० × ४.५ इंची, आत ९ × ४ इंची. आतलं पाकीट न दुमडता बसतं आणि त्यात १४ × ९ चं कार्डही सरळ मावतं. ८० जीएसएमची दोन पाकिटं मिळून सुमारे ९ ग्रॅम, कार्ड ३ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात दोन-तीन कार्डं सहज जातात. पावसाळ्यात आतल्या पाकिटाची गोंदाची पट्टी प्रवासातच चिकटते आणि समोरच्याला ते फाडावं लागतं. पट्टीखाली बटर पेपरची चिंधी ठेवा, किंवा सोलून चिकटवायची पट्टी असलेलं पाकीट वापरा. कार्ड दिव्यासमोर धरून दिसणार नाही असं पाकीट हवं. बाहेर कॉल साइन लिहू नका, फक्त नाव आणि पत्ता. कॉल साइन असलेल्या पाकिटात पैसे असतात हे जगभरच्या टपालचोरांना ठाऊक झालेलं आहे. परतीच्या पाकिटावर ‘इंडिया’ हा शब्द शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत, आणि पिन कोड सहाही आकड्यांचा.

परतीच्या खर्चासाठी पूर्वी दोन वाटा होत्या. एक, आंतरराष्ट्रीय प्रत्युत्तर कूपन, म्हणजे आयआरसी. हे कूपन सभासद देशांच्या टपाल कार्यालयात हवाई पत्राच्या किमान दराच्या तिकिटांवर बदलून मिळतं. त्याच्यावर मुदत छापलेली असते. जुनं कूपन कुणी भेट दिलं तर आधी ती तारीख पाहा. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१३ पासून कूपन विकणं बंद केलं आणि तेव्हापासून ही पद्धत आटतच गेली. काही देशांतल्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आयुष्यात कूपन पाहिलेलं नसतं, त्यामुळे समोरच्याला हात हलवत परतावं लागतं. दुसरी वाट ‘ग्रीन स्टॅम्प’, म्हणजे पाकिटात घातलेल्या डॉलरच्या नोटा. साध्या पत्रात चलनी नोटा घालणं टपालाच्या नियमांत बसत नाही, आणि पाकीट उघडलं गेलं तर नोटांबरोबर कार्डही जातं. अजूनही हा मार्ग सुचवणारे आहेत. मी सुचवत नाही.

ओक्यूआरएस

ओक्यूआरएस म्हणजे संकेतस्थळावरून कार्ड मागवण्याची सोय. सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्लब लॉग या संकेतस्थळावरची. स्टेशनच्या लॉगमध्ये स्वतःचा कॉल साइन शोधायचा, सापडलेले संपर्क तसेच निवडायचे, पत्ता भरायचा आणि थेट टपाल किंवा ब्यूरो यातला पर्याय घ्यायचा. थेट टपालासाठी साधारण ३ ते ५ डॉलर किंवा युरो पेपालने भरावे लागतात. ब्यूरोने मागवलं तर बहुधा फुकट. तुम्हाला स्वतःचं कार्ड पाठवावं लागत नाही.

याची खरी किंमत मोठ्या मोहिमांत कळते. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅम भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानातून झालेल्या व्हीयू४ मोहिमेसारख्या प्रसंगी जगभरातून कार्डांची मागणी येते. इतकी पाकिटं फोडून, लॉग ताडून, हाताने भरणं म्हणजे मॅनेजरची वर्षं. ओक्यूआरएसमध्ये मागणी थेट लॉगशी जुळूनच येते, पत्त्याचं लेबल आपोआप निघतं, आणि काही आठवड्यांत कार्ड दारात असतं.

भारतातून पैसे भरताना अडखळायला होतं ते बँकेच्या कार्डावर. आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते सुरू करून मर्यादा ठरवावी लागते. पत्ता इंग्रजीत, छोट्या ओळींत भरा. सोसायटी, विंग, फ्लॅट, जवळची खूण असं सगळं एकाच ओळीत कोंबलं की लेबलवर ते मध्येच तुटतं आणि पिन कोड बाहेर फेकला जातो. संपर्क लॉगमध्ये सापडला नाही तर लगेच मागणी टाकू नका. आधी आपली यूटीसी तारीख तपासा, मग मोहिमेचा पूर्ण लॉग चढला आहे का ते पाहा. अनेकदा तो टप्प्याटप्प्याने चढतो. त्यानंतरही नसेल तर ‘संपर्क सापडत नाही’ असा वेगळा अर्ज तिथेच असतो.

माझ्या मते चारही सेवांत ही सर्वांत नेटकी आहे. तिला मर्यादा एकच: समोरच्याने ती सुरू केलेली असावी लागते, आणि साधा घरगुती हॅम ती सहसा करत नाही.

एलओटीडब्ल्यू, आणि ई-क्यूएसएल

लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही एआरआरएलची सेवा २००३ पासून चालू आहे. इथे चित्र नसतं, कार्ड नसतं. दोन्ही बाजूंचे डिजिटल सही केलेले लॉग जुळले की संपर्क पक्का. कॉल साइन, बँड, मोड आणि वेळ जुळावी लागते. वेळेत अर्ध्या तासाची सवलत आहे. साडेपाच तासांची नाही, त्यामुळे भारतीय वेळेत ठेवलेला लॉग चढवला तर एकही संपर्क जुळत नाही. लॉग चढवणं फुकट आहे. पैसे लागतात ते डीएक्ससीसीसारख्या अवॉर्डसाठी संपर्क वापरताना.

सुरुवात कंटाळवाणी आहे आणि लोक तिथेच सोडून देतात. टीक्यूएसएल ही प्रणाली संगणकावर घ्यायची, कॉल साइनच्या प्रमाणपत्राची विनंती तयार करायची, ती चढवायची. भारतीय हॅमला त्याबरोबर परवान्याची प्रत आणि दुसरं एक ओळखपत्र एआरआरएलकडे पाठवून खात्री पटवावी लागते. प्रमाणपत्र आलं की ते त्याच संगणकावर, त्याच खात्यात उघडायचं जिथून विनंती केली होती. मधल्या काळात लॅपटॉप फॉरमॅट केला की पुन्हा श्रीगणेशा. मग स्टेशन लोकेशन बनवायचं: इंडिया, झोन २२ आणि ४१, तुमचा ग्रिड. प्रमाणपत्राची ‘पहिल्या संपर्काची तारीख’ विचारपूर्वक भरा. ती आजची टाकली तर मागच्या वर्षांचे संपर्क नाकारले जातात. सगळं झाल्यावर टीक्यूएसएलमधून बॅकअपची फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. संपण्याआधी नूतनीकरण दोन मिनिटांचं काम असतं, संपल्यावर त्याचा व्याप वाढतो. उपग्रहाचे संपर्क चढवताना लॉगमध्ये प्रसारणाचा प्रकार ‘सॅट’ आणि उपग्रहाचं नाव भरलेलं नसेल तर ते साधे संपर्क म्हणून जातात आणि जुळत नाहीत.

मे २०२४ मध्ये एआरआरएलच्या यंत्रणेवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला आणि ही सेवा १ जुलैपर्यंत बंद राहिली. लॉग गेले नाहीत, पण ज्यांनी स्वतःच्या लॉगची प्रत घरी ठेवली नव्हती त्यांचा जीव टांगणीला लागला. लॉगची एडीआयएफ (लॉग साठवायच्या ठरलेल्या पद्धतीची) फाइल दर महिन्याला वेगळी साठवा.

ई-क्यूएसएल डॉट सीसी वर कार्डाचं चित्र लगेच दिसतं. नवख्यांना ते आवडतं, आणि सीक्यू या हॅम मासिकाच्या नावाच्या अवॉर्डसाठी ते चालतं, पण परवाना दाखवून ‘ऑथेंटिसिटी गॅरंटीड’ दर्जा घ्यावा लागतो. डीएक्ससीसीला चालत नाही. क्यूआरझेडचं लॉगबुकही डीएक्ससीसीला चालत नाही. एवढं माहीत असलं की पुरे.

कागदी कार्डाला अजून तपासणीत पूर्ण मान आहे. डीएक्ससीसीसाठी १५ नोव्हेंबर १९४५ नंतरचा कोणताही संपर्क कार्डावर सिद्ध करता येतो. ज्या ऑपरेटरने एलओटीडब्ल्यू कधी सुरूच केलं नाही किंवा जो आता हयात नाही, त्याच्या संपर्काचा पुरावा म्हणजे ते एक कार्ड. म्हणून एलओटीडब्ल्यू आलं म्हणून ब्यूरो सोडायचा सल्ला मी देणार नाही. एफटी८ वर मात्र प्रत्येक संपर्काला कार्ड पाठवू नका. दिवसाला पन्नास संपर्क होतात आणि त्यातले बहुतेक एलओटीडब्ल्यूवर पक्के झालेले असतात. नवा देश, नवा बँड किंवा कुणी मुद्दाम मागितलेलं, एवढ्यांनाच पाठवा.

येणाऱ्या कार्डांची तयारी

पाठवण्याची बाजू सगळे सांभाळतात, येण्याची कुणीच नाही. ब्यूरोकडे तुमची पाकिटं नसतील तर तुमची कार्डं तिथेच साठत राहतात. तुमचा पत्ता लिहिलेली आणि तिकीट लावलेली चार-पाच ९ × ४ इंची पाकिटं ब्यूरोकडे ठेवायला द्या, डाव्या कोपऱ्यात कॉल साइन ठळक लिहून. देशांतर्गत साध्या पत्राला दर २० ग्रॅमला ५ रुपये लागतात, त्यामुळे ५ रुपयांच्या तिकिटात पाकिटासकट फार तर पाच कार्डं जातात. १५ कार्डं हवी असतील तर वजन ५० ग्रॅमच्या आसपास, तिकीट १५ रुपयांचं. कमी तिकीट लावलं तर पोस्टमन दारात तुटीच्या दुप्पट मागतो, आणि घरी कुणी नसेल तर पाकीट परत फिरतं. कोणत्या वजनाला पाकीट पाठवायचं हे आतल्या चिठ्ठीवर लिहून द्या, ‘१५ कार्डं झाली की पाठवा’ किंवा ‘सहा महिन्यांनी, जितकी असतील तितकी’.

घर बदललं, तर ब्यूरोला सगळ्यात आधी कळवा आणि जुनी पाकिटं रद्द करून नवी द्या. कॉल साइन बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही कळवा, कारण जुन्या कॉल साइनवरची उत्तरं पुढची तीन-चार वर्षं येत राहतात. विशेष प्रसंगासाठी मिळालेल्या, एटी किंवा एयूने सुरू होणाऱ्या कॉल साइनचंही तसंच: परवानगी काही दिवसांची असली तरी कार्डं पुढे कित्येक वर्षं येतात, आणि मॅनेजर कोण हे ब्यूरोला आधीच सांगितलं नसेल तर ती कुणाच्याच कप्प्यात पडत नाहीत.

कार्ड आलं की त्याच दिवशी लॉगमध्ये ‘मिळालं’ आणि कोणत्या वाटेने मिळालं याची नोंद करा, म्हणजे त्याच संपर्काला पुन्हा कार्ड जाणार नाही. साठवायला पीव्हीसीच्या खिशांचे अल्बम घेऊ नका. दमट हवेत चकचकीत शाई प्लॅस्टिकला चिकटते आणि कार्ड काढताना कॉल साइन सोलून निघतो. पुठ्ठ्याचं खोकं, प्रीफिक्सनुसार मधे पुठ्ठ्याचे दुभाजक, कार्डं उभी लावलेली आणि तळाशी सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.